दुकानाच्या कॉम्प्युटरला मागचं दार : बॅकडोअर कसा शिरतो आणि पूर्ण कसा काढायचा?

व्हिडिओमध्ये काही पायऱ्या पटापट सांगाव्या लागल्या, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. कॉम्प्युटरसमोर बसा आणि एकेक करत जा.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. दुकान नवीन होतं, पैसे वाचवायचे म्हणून ओळखीच्या एका टेक्निशियनकडून बिलिंगचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकून घेतलं. टाकताना त्याने अँटिव्हायरस बंद केला, मीही काही विचारलं नाही. काही महिन्यांनी एका ऑफिसच्या अकाउंटंट ताईंचा फोन आला. "दादा, तुमचं बँक खातं बदललं का? नव्या खात्यावर पैसे पाठवा म्हणून मेल आलाय तुमचा." मेल माझ्याच आयडीवरून गेला होता. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, फक्त खातं माझं नव्हतं. ताईंनी विचारलं म्हणून ४८ हजार रुपये वाचले.

मी लगेच अँटिव्हायरस चालवला. त्याने एक फाइल पकडली, काढून टाकली, मी निश्चिंत झालो. आठवड्याभरात दुसऱ्या ग्राहकाला तसाच मेल! तेव्हा कळलं की चोर दुकानाबाहेर गेला होता, पण किल्ल्या अजून त्याच्याच खिशात होत्या. आज हीच गोष्ट लक्षात ठेवायची आहे : चोराला हाकलणं आणि कुलूप बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत.

बॅकडोअर म्हणजे काय?

नावातच आहे, मागचं दार. हा प्रोग्रॅम कॉम्प्युटर बिघडवत नाही, उलट गुपचूप बसतो. कॉम्प्युटर चालू झाला की तोही चालू होतो आणि इंटरनेटवरून आपल्या मालकाला "मी आहे, काय करू?" असं विचारतो. हा संपर्क आतून बाहेर जातो, म्हणून साधा राउटर त्याला अडवत नाही. मग मालक सांगेल ते : फाइल्स पाठव, कीबोर्डवर टाइप केलेले पासवर्ड नोंदव, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचल, किंवा सगळा डेटा लॉक करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर उतरव.

तो शिरतो कसा?

१. क्रॅक सॉफ्टवेअर. "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं कोणी सांगितलं की तिथेच थांबा. वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला आत घेण्यासारखं आहे ते.

२. मेल किंवा व्हॉट्सॲपवरची फाइल. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग सहसा लपवतं. त्यामुळे "बिल.पीडीएफ.ईएक्सई" ही फाइल नुसती "बिल.पीडीएफ" दिसते. आपण बिल समजून उघडतो, चालू होतो प्रोग्रॅम.

३. दुरून स्क्रीन बघायचं ॲप. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप्स वाईट नाहीत. पण कोणीतरी एकदा दुरुस्तीसाठी टाकलं, कायमचा पासवर्ड ठेवला आणि आपण विसरलो, तर दार उघडंच राहिलं.

४. खऱ्या सॉफ्टवेअरचा बिघडवलेला अपडेट. हे क्वचित होतं, पण होतं. २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी बॅकडोअर घातला. त्यातून नॉटपेट्या पसरला, मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचंही काम अडलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर का निवडलं असेल? ते प्रत्येक धंद्यात असतं, म्हणून.

आता काढायचा कसा? क्रम चुकवू नका

पायरी १ : इंटरनेट तोडा. केबल काढा, वायफाय बंद करा. त्याच्या मालकाशी संपर्क तुटला. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. इथे मिनिटांना किंमत आहे.

पायरी २ : किल्ल्या बदला, पण दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. त्याच कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराला मिळेल. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड मेलवरूनच रीसेट होतात. मग बँक, जीएसटी पोर्टल, सोशल मीडिया. "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रिकव्हरी नंबर तपासा. माझ्या मेलची कॉपी कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर जात होती आणि मी पहिल्या वेळी तिथे पाहिलंच नव्हतं!

पायरी ३ : डेटा बाजूला काढा. बिलं, एक्सेल, फोटो, हिशेबाचा डेटा घ्या. सेटअप फाइल्स आणि सॉफ्टवेअर घेऊ नका, नाहीतर चोरालाही सोबत न्याल.

पायरी ४ : ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स, तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपायला जागा कमी मिळते. एक्सक्लूजन्सची यादीही बघा. बॅकडोअर कधीकधी स्वतःचं नाव तिथे टाकून ठेवतो, म्हणजे तपासणीतून सूट. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही मोफत टूल्स मिळतात.

पायरी ५ : फॉरमॅट. स्कॅन "क्लीन" म्हणाला तरी, ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तो मी फॉरमॅट करूनच वापरतो. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि नव्याने विंडोज टाका. पण फॉरमॅट करून पुन्हा क्रॅक विंडोज टाकलं, तर आपण परत पहिल्या दिवसावर!

पुढे काय पाळायचं?

रोजच्या बिलिंगसाठी ॲडमिन नसलेलं साधं युजर अकाउंट वापरा. अपडेट थांबवू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेही बघून घ्या. ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे, क्रॅकची गरज नाही. आठवड्यातून एकदा बॅकअप घ्या आणि ती हार्ड डिस्क काढून ठेवा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक बिलावर एक ओळ छापा : "आमचे बँक खाते बदलल्याचा मेल आल्यास फोन करून खात्री करा."

आजचा होमवर्क : दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणती ॲप्स आहेत त्याची यादी काढा. जे कोणी टाकलं, का टाकलं हे आठवत नाही, त्यापासून सुरुवात करा. शटर बंद करताना आपण कुलूप दोनदा ओढून बघतो ना? तेवढीच सवय इथे लावायची आहे.