ग्लू गनचा गोंद: कुठे वापरायचा, कुठे नाही



मागच्या एप्रिलमधली गोष्ट बऱ्याच जणींना आठवत असेल. आपल्या एका गटाने लग्नसराईसाठी तोरणांची ऑर्डर घेतली होती. लाकडी मणी, आरसे, कवड्या, सगळं ग्लू गनने चिकटवलेलं. दिसायला एकदम झकास. पण पंधरा दिवसांत दुकानदाराने बरीच तोरणं परत पाठवली. आरसे गळून पडले होते, कवड्या घसरून खाली आल्या होत्या. बैठकीत "ही कोणी केली होती?" अशी चर्चा सुरू झाली आणि सगळा ठपका एका ताईवर आला. ती मान खाली घालून बसून राहिली.

खरं सांगते, चूक तिची नव्हती, माझी होती. गन मीच बाजारातून आणली, मोबाईलवर व्हिडिओ बघून मीच शिकवली. पण हा गोंद कुठे टिकतो आणि कुठे दगा देतो, हे मलाच नीट माहीत नव्हतं. म्हणून आता जे शिकले ते तुम्हाला सांगते.

हा गोंद चिकटतो कसा?

पांढऱ्या फेव्हिकॉलमधलं पाणी उडून जातं, मग तो सुकतो. ग्लू गनच्या कांडीत पाणी नसतंच. ती एक प्रकारच्या मऊ प्लास्टिकची असते. गरम झाली की वितळते, थंड झाली की घट्ट होते. मेणबत्तीसारखंच समजा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, काम फटाफट होतं, अर्ध्या मिनिटात वस्तू पकडली जाते. दुसरी, जो गोंद गरमीने वितळतो तो गरमीने पुन्हा मऊ पडणारच. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 42-43 अंश असतं. उन्हातला पत्रा, लोखंडी दार, बंद गाडी हे तर 60 अंशांच्याही वर तापतं. तेवढ्या उष्णतेत हा गोंद ढिला होतो आणि त्यावर वजन असेल तर वस्तू घसरते. आपल्या तोरणांचं नेमकं हेच झालं. ती पश्चिमेच्या दारांवर लटकत होती.

मिस्त्रींनी काय दाखवलं

तोरणं परत आल्यावर मी तालुक्याला दुकानांची काउंटर बनवणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांच्याकडेही ग्लू गन असते. काउंटरच्या दोन पाट्या जोडताना ते जोडाच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे ठोकळे गनने चिकटवतात. त्या ठोकळ्यांना क्लॅम्प लावून पाट्या एकमेकींजवळ आवळतात. पाट्यांचा खरा जोड मात्र वेगळ्या, पक्क्या गोंदाचा असतो. तो वाळला की ठोकळ्याच्या कडेला थोडं स्पिरिट सोडतात. जरा वेळाने ठोकळा टक् करून निघतो.

ते म्हणाले, "मॅडम, हा गोंद धरून ठेवायला आहे, भार घ्यायला नाही."

हे एवढं वाक्य लक्षात ठेवा. ज्याला वजन नाही, ऊन नाही, ते खुशाल गनने चिकटवा: कागदी फुलं, लेस, रुखवतातली सजावट, गिफ्टचा डबा, राखीवरचा हलका मणी. जे लटकणार, ओढलं जाणार किंवा उन्हात राहणार, त्याला सुई-दोरा, तार किंवा दोन ट्यूब मिसळून होणारा इपॉक्सी गोंद हवा. गनचा थेंब फक्त जागेवर धरायला.

विकत घेताना

- कांडी दोन जाडीत मिळते, साधारण 7 मिमी आणि 11 मिमी. गनला लागते तीच घ्या. जाड गनमध्ये बारीक कांडी घातली तर गोंद मागे वाहतो आणि गन बिघडते.
- राखी आणि दागिन्यांच्या बारीक कामाला छोटी गन बरी. खोके, टोपल्या अशा मोठ्या कामाला मोठी गन, कारण छोटीतून गोंद पुरेशा वेगाने येत नाही.
- अख्खं पाकीट घेण्याआधी एक-दोन कांड्या घेऊन बघा. चिकटवलेला थेंब थंड झाल्यावर नखाने सहज सुटला, तर ती कांडी नको.
- एका कांडीत किती नग होतात ते मोजून वहीत लिहा. हा खर्च आपण किमतीत धरतच नाही, आणि मग नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतो.

वापरताना

1. वस्तू पुसून घ्या. धूळ, तेल, ओल असेल तर पकड येत नाही.
2. आरसा, काच, धातू, दगड गार असतात. थेंब लागल्या लागल्या गोठतो आणि वरवर चिकटतो. या वस्तू आधी थोड्या उन्हात ठेवा. गुळगुळीत पाठ असेल तर सँडपेपरने जरा घासून घ्या.
3. गन पाच मिनिटं तापू द्या. घोडा जोरात दाबू नका. गोंद येत नसेल तर ती अजून तापलेली नाही.
4. थेंब टाकला की लगेच वस्तू दाबा आणि वीसेक सेकंद धरा. आधी दहा थेंब टाकून मग मणी लावत बसलं, तर शेवटचे मणी हमखास पडतात.
5. खाली जुनी फरशी किंवा ताटली ठेवा. गन आडवी टाकू नका, स्टँडवर उभी करा. लाईट गेली तर आधी बटण बंद करा. जेवायला उठतानाही बंद.

वाकडं चिकटलेलं काढायला स्पिरिट चालतं, पण ते पेट घेतं. गन बंद करून, चुलीपासून लांब बसूनच वापरा.

भाजलं तर

गनचा गोंद जवळपास 200 अंशांपर्यंत तापतो आणि कातडीला चिकटून राहतो. तो ओढून काढू नका, सोबत कातडी येते. हात लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बांगड्या, अंगठी काढा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. मोठं भाजलं असेल किंवा गोंद निघत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि लहान मुलं जवळ असतील तर गन लावूच नका.

ऑर्डर देण्याआधी एक चाचणी

पहिला नग तयार झाला की तो दिवसभर उन्हात, पत्र्याजवळ लटकवून ठेवा. संध्याकाळी हलवून बघा. काही सुटलं तर पद्धत बदला, मग बाकीचे नग करा. एक दिवस जातो, पण ऑर्डर परत येत नाही.

त्या गटाने परत आलेली तोरणं उसवली. आरशांऐवजी आभले शिवले, भोक असलेल्या कवड्या दोऱ्यात ओवल्या. गन फक्त लेसला वापरली. त्याच दुकानदाराने ती ठेवून घेतली. ज्या ताईवर ठपका आला होता, तीच आता प्रत्येक ऑर्डरचा पहिला नग उन्हात टांगते, आणि ती हो म्हणेपर्यंत पुढचं काम सुरू होत नाही.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटाची गन आणि एक तयार नग घेऊन या. सगळ्या मिळून तपासू.