पत्र बाळबोध, पाकिटावर मोडी

मंडळी, समजा, तुमच्या शाळेने शिष्यवृत्तीची यादी संकेतस्थळावर लावली. पालक मोबाइलवर ती उघडतात, तो काय! मुलांच्या नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि कसली कसली चिन्हे. गुरुजी म्हणतात, “यादी बिघडली, पुन्हा टाइप करा.” जरा थांबा. यादी बहुधा शाबूत असते.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडे ठाऊक असतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन आकडे. हेच आकडे जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीने वाचले, की एका ‘क’ची तीन भलतीच चिन्हे होतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षर २२४ ने सुरू होते; म्हणून तोच रेघवाला ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. रोगाची खूण हीच!

आता, कोणत्या पद्धतीने वाचायचे हे ब्राउझरला कोण सांगते? पान पाठवणारा सर्व्हर. पानाच्या आधी तो ‘कन्टेंट-टाइप’ नावाची एक ओळ धाडतो. ती ओळ म्हणजे पाकिटावरची सूचना. आत पत्र बाळबोध, पण पाकिटावर लिहिले ‘मोडी’. मग वाचणारा फसणारच! पानाच्या आत खरी पद्धत नोंदलेली असली, तरी पाकिटावरचा शब्द वरचढ ठरतो.

तेव्हा आधी पाकीट पाहा. संगणकावर पान उघडून ‘एफ१२’ दाबा, ‘नेटवर्क’ विभागात जा, पान पुन्हा मागवा आणि त्याच्या नावावर टिचकी मारा. तिथे ‘आयएसओ-८८५९-१’ असे दिसले, तर दोष सर्व्हरचा. सर्व्हर ‘अपाची’ असेल, तर व्यवस्थापकाला ‘ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट’ ही सूचना तपासून तिथे यूटीएफ-८ घालायला सांगा. ओळीत पद्धतच नसेल, तर ती पानाच्या अगदी सुरुवातीला नोंदवा. ओळ यूटीएफ-८ म्हणते आणि तरीही गोंधळ आहे? मग दोष फायलीतच शोधावा.

एक मात्र कटाक्षाने टाळा. बिघडलेला दिसणारा मजकूर उचलून मूळ यादीवर जतन करू नका. तोवर चूक फक्त पाकिटावर असते. त्यानंतर ती पत्रात उतरते, आणि एखाद्या पोराचे नाव खरोखरीच पुसले जाते.