ड्रोनचे चित्रण धक्के खाते का? कॅमेऱ्याला काळी काच लावा



लग्नाच्या वरातीपासून उभ्या पिकापर्यंत सगळ्याचे चित्रण आता ड्रोनने होऊ लागले आहे. पैसे मोजून चित्रण करवून घ्यावे आणि घरी सगळ्यांनी मिळून पाहताना बैलगाडी उड्या मारत चाललेली दिसावी, वाऱ्यावर डोलणारी ज्वारी हिवताप आल्यासारखी थरथरताना दिसावी, असे पुष्कळदा घडते. ‘ड्रोनच हलका होता’ म्हणून आपण गप्प बसतो. बहुतेक वेळा दोष ड्रोनचा नसतो. तो भर उन्हाचा असतो, आणि त्यावरचा उपाय बोटाच्या पेराएवढ्या काळ्या काचेत आहे.

दोष नेमका कोठे?

चलचित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. सेकंदाला २५ चित्रे हे नेहमीचे प्रमाण धरू. प्रत्येक चित्राला कॅमेऱ्याची झडप जितका वेळ उघडी राहते, त्यावरून शटरचा वेग ठरतो.

समजा, शहागंजच्या बाजारात एखाद्या माडीवरून तुम्ही हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण करीत आहात. घड्याळाचा मनोरा जागचा हलत नाही, म्हणून तो कसाही घेतला तरी स्वच्छ येतो. पण मनोऱ्यासमोरून ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी रिक्षा दोन चित्रांच्या दरम्यान २० सेंटिमीटर पुढे सरकते. झडप सेकंदाचा ५० वा भाग उघडी राहिली, तर त्यातले १० सेंटिमीटर चित्रात उमटतात. रिक्षाची कड किंचित पुसट येते, आणि डोळ्याला तेच सवयीचे असते. धावत्या गाडीच्या चाकाच्या आऱ्या आपल्याला कधी सुट्या दिसतात का? उलट झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटली, तर अर्धाच सेंटिमीटर उमटतो. बाकीचा प्रवास गळून जातो आणि रिक्षा ठेचकाळत चाललेली दिसते.

म्हणून जुना नियम असा, की सेकंदाला जितकी चित्रे घ्याल, त्याच्या दुप्पट आकडा शटरला ठेवावा. २५ चित्रांना ५० वा भाग, ३० चित्रांना ६० वा भाग.

मग उन्हात अडते कुठे?

मोठ्या कॅमेऱ्यात उजेड येण्याचे भोक लहान-मोठे करता येते. पुष्कळ लहान ड्रोनमध्ये ते कायमचे एकाच मापाचे असते. तेव्हा कडक उन्हात जास्तीचा उजेड आवरायला कॅमेरा शटरचा वेग वाढवीत नेतो. २.८ मापाचे भोक आणि १०० आयएसओ असेल, तर स्वच्छ उन्हात शटर सुमारे ३२०० व्या भागावर जाते. तेथे ५० वा भाग ठेवायचा म्हणजे उजेड ६४ पटींनी कमी करायला हवा. हे काम एनडी फिल्टर करतो. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. उसाचा हिरवा आणि मातीचा काळा रंग तसाच ठेवून नुसता उजेड कमी करणारी ही काच.

हिशेब सोपा आहे. काच न लावता कॅमेरा शटरचा जो आकडा दाखवील, त्याला ५० ने भागावे. ३२०० आला तर एनडी ६४, ८०० आला तर एनडी १६, ढगाळ दिवशी ४०० आला तर एनडी ८. दिवस मावळताना काच काढून ठेवावी, नाहीतर चित्र काळवंडते किंवा दाणेदार येते.

काच लावताना

१. आपल्या ड्रोनच्या मॉडेलसाठी बनवलेलीच काच घ्यावी. जड काच लावली तर कॅमेरा तोलून धरणाऱ्या गिंबलवर ताण येतो.

२. ड्रोन जमिनीवर आणि बंद असतानाच काच बसवावी.

३. आयएसओ १०० आणि शटर ५० वर आपल्या हाताने ठेवावे. एक मिनिटाचे चित्रण करून पाहावे, मगच पुढचे काम करावे.

४. काचेवरची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मग मऊ कापडाने टिपावी. धोतराच्या सोग्याने किंवा पदराने घासू नये, चरे पडतात.

काच केव्हा लावू नये?

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी नुकसानीची छायाचित्रे घ्यायची असतील, तर ही काच काढून ठेवावी. पुढे सरकत्या ड्रोनवरून संथ शटरने घेतलेले छायाचित्र पुसट येते. त्यात कुजलेली बोंडे, खचलेला बांध ओळखू येत नाही. तेथे शटर जलदच हवे. पंचनामा अधिकारीच करतात. आपली छायाचित्रे त्याला जोड म्हणून असतात, पण जोडसुद्धा स्पष्ट असावी. पानांवरचा रोग पाहायचा असेल, तरी हाच नियम.

आणखी एक. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याचा विमानतळ आहे, म्हणून उडवण्यापूर्वी सरकारी नकाशावर आपली जागा पाहावी. शहागंजसारख्या गर्दीवर तर ड्रोन नेऊच नये. एखादे पाते तुटले, तर खाली लेकरेबाळे असतात.

पुढच्या वेळी चित्रण करणारा दारात आला, की त्याला तीनच प्रश्न विचारा : शटर किती ठेवणार? कोणती काच लावणार? आणि पिकाची छायाचित्रे घेताना ती काढणार ना? उत्तरे नीट मिळाली, तरच विसार द्या.