सुत्तांची विषयसूची आणि यंत्रबुद्धी

पिटकाचे वर्गीकरण नवे नव्हे. संयुत्तनिकाय मुख्यतः विषयानुसार, अंगुत्तरनिकाय संख्यानुसार लावलेला आहे. आता संगणकावरील सुत्तांना विषयनामे जोडण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपविले जाऊ लागले आहे. ती शब्दांच्या साहचर्यावरून विषयाचा अंदाज बांधते. स्थलनामांची सूची तिने खुशाल करावी. परंतु सुत्तनिपातातील वसलसुत्त पाहा. ‘वसल’ शब्द तेथे पुनःपुन्हा येतो. तेवढ्यावरून त्यास ‘हीन जाती’ असे विषयनाम मिळाले, तर मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने वसल ठरतो, हे भगवंतांनी अग्गिकभारद्वाजास सांगितलेले मर्मच उलटे होईल. म्हणून यंत्राने सुचविलेले नाम पालिज्ञाने संपूर्ण सुत्त वाचूनच कायम करावे, असे आम्हांस वाटते. अन्यथा ‘जातिनिषेध’ या नावाखाली शोधणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच सुत्तातील चांडाळपुत्र मातंग भेटणारच नाही.