लाखेची तबकडी आणि गोंदियाची हवा
जुन्या ग्रामोफोनची आणि रेकॉर्ड-प्लेअरची घरच्या घरी निगा

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला जो कठीणपणा, जी काळी चकाकी आणि हातातून निसटताच तुकडे होण्याचा जो ठिसूळपणा असतो, तो तिच्या अंगी आला आहे लाखेमुळे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणारा एक सूक्ष्म कीटक स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून आणि पातळ पापुद्र्यांच्या रूपात थंड करून जी वस्तू मिळते, तिला बाजारात ‘चपडा लाख’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जवळजवळ सारे ध्वनिमुद्रित संगीत, मग ते बालगंधर्वांचे नाट्यपद असो की युरोपातील ऑपेरा, या चपड्याच्या आधारावरच जगभर पोहोचले.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तांदळाच्या गिरण्यांसाठी सर्वपरिचित असला, तरी महाराष्ट्रात ज्या थोड्या भागांत लाखेचे पीक घेतले जाते, त्यांतही त्याची गणना होते. त्यामुळे या जिल्ह्यातील एखाद्या घरात माळ्यावर पडलेला चावीचा ग्रामोफोन किंवा साठ-सत्तरच्या दशकातील रेकॉर्ड-प्लेअर दुरुस्त करण्याचा विचार करताना येथील जंगल आणि येथील हवा या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. अशी यंत्रे बहुधा मोडलेली नसतात. त्यांतील लाख, रबर, तेल, स्फटिक अशी द्रव्ये जुनी झालेली असतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारी व पावसाळ्यात ओलीचिंब होणारी हवा त्यांचे वार्धक्य लवकर ओढवून घेते. कोणते द्रव्य कशाने बिघडते हे समजले की दुरुस्तीचे निम्मे काम झालेले असते.

तबकडी कशाची बनते

एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि १८९५ च्या सुमारास तबकड्यांसाठी लाखेच्या मिश्रणाचा वापर सुरू झाला. त्या मिश्रणात लाखेचे प्रमाण फार नसे. दगडाची बारीक पूड, रंगासाठी काजळी आणि थोडे धागे यांना बांधून ठेवण्याचे काम लाख करी. दगडाची पूड हेतुपुरस्सर घातलेली असे, कारण पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासले जाऊन खाचेच्या आकाराचे व्हावे, अशी त्या काळची योजना होती. भारतातील लाख हा या उद्योगाचा कणा होता. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेत १९४२ मध्ये रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरावर ७० टक्के कपात लादली गेली आणि जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा लगदा पुन्हा वापरला गेला.

ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना काढला, आणि भारतीय गायकांच्या तबकड्या परदेशातून छापून आणण्याची गरज त्यामुळे उरली नाही. विदर्भाचा या इतिहासातील वाटा कच्च्या मालापुरता मर्यादित नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे शब्द आणि नागपुरात वकिली करणारे गायक जी. एन. जोशी यांचा स्वर १९३० च्या दशकाच्या आरंभी एका तबकडीवर एकत्र आले आणि मराठी भावगीताच्या परंपरेची सुरुवात बहुधा तिच्यापासूनच मोजली जाते; पुढे हेच जोशी एचएमव्हीच्या मुंबई कचेरीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले.

१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइल या प्लास्टिकची दीर्घ तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. व्हिनाइल लवचीक असते, फुटत नाही आणि तिच्या खाचा फार बारीक असतात. लाखेची आणि व्हिनाइलची तबकडी दिसायला सारखी असली, तरी दोघींची निगा निराळी आहे, हे दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे लागते.

चावीचा ग्रामोफोन

चावीच्या ग्रामोफोनमध्ये वीज नसते. चावी फिरवली की डब्यात गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग ताणली जाते, ती उलगडताना दातेरी चाकांमार्फत थाळी फिरवते, आणि वेग एकसारखा राहावा म्हणून ‘गव्हर्नर’ नावाची रचना असते: पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजने वेगाने फिरताना बाहेर फाकतात, त्यामुळे एक चकती सरकून चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीवर घासते आणि वेगाला आळा बसतो. तबकडी वाजताना डब्यातून ‘धप्प’ असा आवाज येऊन वेग क्षणभर अडखळत असेल, तर स्प्रिंगच्या वेढ्यांतील ग्रीस वाळून घट्ट झाले आहे असे समजावे. गव्हर्नरच्या दांड्याच्या टोकांना आणि त्या गादीला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब देणे हे घरचे काम आहे. स्प्रिंगचा डबा उघडणे मात्र नाही, कारण ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे कापली जाण्याइतका जोर तिच्यात असतो.

आवाज निर्माण होतो तो ‘साउंड बॉक्स’मध्ये. त्यातील अभ्रकाचा किंवा अॅल्युमिनियमचा पातळ पडदा दोन्ही बाजूंनी रबरी कड्यांत धरलेला असतो. अनेक दशकांनी हे रबर दगडासारखे कडक होते, पडद्याला मोकळेपणाने हलता येत नाही आणि आवाज चिरका व खरखरीत होतो. मऊ रबराची बारीक नळी मापाने कापून ही कडी बदलता येतात, आणि एवढ्या अल्प खर्चात आवाजात पडणारा फरक इतर कोणत्याही दुरुस्तीपेक्षा मोठा असतो. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी, हा जुना नियम आजही पाळावा लागतो, कारण घासून धारदार झालेली सुई पुढची खाच खरवडत जाते. साउंड बॉक्सचा भार १०० ग्रॅमहून अधिक असल्यामुळे अशा यंत्रावर व्हिनाइलची तबकडी कधीच वाजवू नये. एकाच वेळेत ती निकामी होते.

रबराचे चाक आणि वाळलेले ग्रीस

विजेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत बहुतेक वेळा मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची कप्पी असते, आणि तिच्या व थाळीच्या आतल्या कडेच्या मधोमध एक रबरी चाक दाबलेले असते. हे चाक मोटरची गती थाळीला देते. वेग बदलण्याची दांडी फिरवली की चाक वरच्या किंवा खालच्या पायरीवर सरकते. यंत्र वर्षानुवर्षे एकाच वेगावर लावून ठेवले, तर कप्पीवर दाबला गेलेला रबराचा भाग चपटा होतो आणि थाळी फिरताना ठरावीक अंतराने ‘ठक्-ठक्’ ऐकू येते. म्हणून यंत्र बंद करताना दांडी मधल्या मोकळ्या जागी आणावी.

कडक आणि गुळगुळीत झालेल्या चाकाची कड बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासून स्पिरिटने पुसली, की पकड परत येते. चाक घासल्याने थोडे लहान झाले तर वेग बदलेल, ही शंका मात्र निराधार आहे, कारण कप्पीच्या पृष्ठभागाची जी गती असते तीच रबराच्या कडेमार्फत थाळीच्या कडेला मिळते, आणि मधल्या चाकाचा व्यास या हिशेबातून गळून जातो. कप्पी झिजली असेल किंवा तिच्यावर रबराचा थर चिकटला असेल, तर मात्र वेग बिघडतो. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत सैल झालेला पट्टा बदलण्यावाचून उपाय नसतो.

थाळी जड फिरते, दांडी हलत नाही किंवा तबकडी संपल्यावर हात आपोआप परत येत नाही, या तक्रारींच्या मुळाशी बहुधा वाळलेले ग्रीस असते, जे कालांतराने डिंकासारखे चिकट होते. ते काडीने खरवडून, स्पिरिटने धुऊन मगच नवे वंगण द्यावे. जुन्या थरावर नवे तेल ओतले तर काही दिवस बरे वाटते आणि दोष पुन्हा उद्भवतो. तेल थेंबाने मोजावे आणि ते रबराला किंवा कप्पीला लागू देऊ नये.

वेग मोजण्याच्या साध्या रीती

थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून घड्याळ लावले, तर ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात बरोबर ३ मिनिटांत १०० फेऱ्या व्हायला हव्यात. याहून अचूक रीत म्हणजे स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे ठरावीक संख्येच्या रेघा असलेली कागदी चकती. भारतातील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो, त्यामुळे निऑन दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. त्या प्रकाशात १८० रेघांची चकती ३३⅓ फेऱ्यांना आणि ७७ रेघांची चकती ७८ फेऱ्यांना जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. रेघा पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. आजच्या अनेक एलईडी दिव्यांचा प्रकाश असा स्पंदत नसल्यामुळे ते या कामी उपयोगी पडत नाहीत.

परदेशी राहिलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या अमेरिकी यंत्रांबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तेथील वीज ११० ते १२० व्होल्टची असते, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले, असे मानले जाते. परंतु तेथील प्रवाहाची आवर्तने ६० असतात आणि ट्रान्सफॉर्मर ती बदलू शकत नाही. परिणामी, साध्या एसी मोटरचे असे यंत्र येथे सहा भागांपैकी पाच भाग वेगानेच फिरते, आणि काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचच्या आसपास उतरतो. ५० आवर्तनांसाठी बनवलेली कप्पी बसवणे हा त्यावरील उपाय आहे.

सुई, भार आणि स्फटिक

सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या छोट्या भागाला कार्ट्रिज म्हणतात. १९५० च्या दशकातील अनेक कार्ट्रिजांमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असे, जो दाबला-वाकवला की वीज निर्माण करतो. हे मीठ पाण्यात विरघळते आणि ५५ अंशांच्या सुमारास कायमचे निकामी होते. म्हणजे पूर्व विदर्भातील पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली कोंडणारी उष्णता, दोन्ही त्याचे वैरी आहेत. यंत्र फिरते आणि ॲम्प्लिफायरही चालतो, पण आवाज अगदी क्षीण येतो, अशा वेळी दोष बहुधा या स्फटिकाचा असतो. त्याची दुरुस्ती होत नाही; त्या जागी नंतरच्या काळातील, हवेला दाद न देणारे सिरॅमिक कार्ट्रिज बसवावे लागते.

सुईचे टोकही तबकडीप्रमाणे वेगळे लागते. ७८ फेऱ्यांच्या रुंद खाचेसाठी सुमारे ७५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तेरावा भाग, इतक्या त्रिज्येचे टोक हवे, तर एलपीसाठी १८ ते २५ मायक्रॉनचे. बारीक सुई लाखेच्या तबकडीत खाचेच्या तळाशी, धुळीत घसरत जाते. जाड सुई एलपीच्या खाचेत मावत नाही आणि ती उद्ध्वस्त करते. सुईचा भार सिरॅमिक कार्ट्रिजसाठी साधारण ३ ते ६ ग्रॅम आणि चुंबकीय कार्ट्रिजसाठी दीड ते अडीच ग्रॅम असावा. तो ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजता येतो. त्याआधी गवंड्याच्या पाणसळीने यंत्र समपातळीत आणून घ्यावे.

विजेच्या भागाबाबत एक मर्यादा आखून घेणे शहाणपणाचे ठरते. व्हॉल्व्हच्या यंत्रांत २०० व्होल्टहून अधिक दाब असतो, तो साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात, आणि काही स्वस्त संचांत लोखंडी सांगाडा थेट मुख्य विजेशी जोडलेला असे. वायरचे आवरण तडकले आहे का आणि वाळवीने पेटी पोखरली आहे का, हे घरी पाहावे. कपॅसिटर बदलण्याचे काम जाणत्या रेडिओ-मेकॅनिककडे सोपवावे.

तबकड्यांची स्वच्छता आणि ऋतूंचे वेळापत्रक

सुतार लाकडाला जे स्पिरिट पॉलिश देतो, ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर का लावायचे नाही, याचे उत्तर त्या पॉलिशच्या बाटलीतच आहे: तबकडीची खाच विरघळू लागते. अशी तबकडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे काही थेंब टाकून, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसावी, मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नये आणि लगेच कोरडी करावी. व्हिनाइलवर पाण्यात मिसळलेले थोडे स्पिरिट चालते. लाख ७५ अंशांच्या आसपास वितळत असली, तरी त्याआधी बरीच खाली ती मऊ पडून वाकते, म्हणून तबकड्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नयेत. त्या पुस्तकांसारख्या उभ्या, एकमेकींना टेकून पण न दाबता ठेवाव्यात.

पावसाळ्यात कागदी पाकिटांना ओल धरते आणि तबकडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके उमटतात. म्हणून वर्षातून एकदा सारा संग्रह बाहेर काढणे, पाकिटे बदलणे, रबर पुसणे आणि तेल देणे या कामांना पाऊस उघडल्यानंतरचे कोरडे दिवस सर्वांत योग्य ठरतात. पळसावर जून-जुलैत सोडलेल्या कीटकांपासून मिळणारे ‘कातकी’ पीकही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उतरवले जाते. जुन्या लाखेवरची बुरशी पुसायची आणि नवी लाख फांद्यांवरून खरवडायची, ही दोन्ही कामे गोंदियात एकाच हंगामात येतात.