परराज्यातून परतलेला अपंग आणि घरची शुश्रूषा

आमच्या आजोबांच्या वेळी राज्य बदलायला फार लांब जावे लागत नसे. १९४८ साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत भोरहून पुण्यास निघालेला माणूस वाटेतच संस्थानची शीव ओलांडून इंग्रजी मुलखात शिरत असे. संस्थाने गेली, त्यांच्याबरोबर त्या शिवाही गेल्या, असे आपण समजतो. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवून पाहा, म्हणजे ती शीव अजून कोठे उभी आहे ते कळेल.

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याचे नाव आता सरकारी दप्तरी राजगड झाले आहे) हे दोन्ही डोंगरी तालुके. भाताचे एक पीक निघते आणि तरुण माणसे पोटासाठी बाहेर पडतात. बहुतेक मुंबईला किंवा पुण्याला जातात, काही वापी-सुरतेकडे. वेल्ह्याच्या खोऱ्यातला असाच एक गडी सोळाव्या वर्षी वापीकडे गेला आणि वीस वर्षे ठेकेदाराकडे राबला. एके दिवशी तो कामावर पत्र्यावरून पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग गेले. ठेकेदाराने त्याचे नाव कोठल्याच विम्यात घातलेले नव्हते. तिथल्या सरकारची दरमहा थोडी मदत सुरू झाली होती, पण खोलीचे भाडे परवडेना म्हणून बायकोने त्याला गावी आणले. गाव सुटले नव्हते, घर होते, म्हातारी आई होती. राज्य मात्र बदलले होते. तिकडची मदत बंद झाली, कारण तो आता तिथे राहत नव्हता. इकडची सुरू होईना, कारण तो इथे पुरेसा राहिलेला नव्हता. असे अकरा महिने गेले.

हे कोणा एका कारकुनाच्या खोडीने झाले नाही. योजनांची रचनाच तशी आहे, आणि ती समजून घेतली तर पुष्कळ धावपळ वाचते.

अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे मिळालेला अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो. म्हणजे वापीला मिळालेला दाखला वेल्ह्यात खोटा ठरत नाही. टक्केवारी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागत नाही. परंतु दाखला निराळा आणि पैसा निराळा. आपल्याकडे अपंगाला दरमहा मिळते ते मुख्यत्वे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. ही योजना १९८० सालची. तिची रक्कम २०२३ मध्ये दीड हजार झाली आणि अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार. पैसा महाराष्ट्राच्या तिजोरीचा, म्हणून अट अशी की अर्जदार निदान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे ती वेगळीच: अपंगाच्या बाबतीत वर्षाला पन्नास हजार. केंद्राचे तीनशे रुपयांचे अपंग निवृत्तिवेतन आहे, तेही राज्याच्याच हातून वाटले जाते. ऐंशी टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे घर असेल तरच.

आता याच्या शेजारी कामगार राज्य विमा ठेवून पाहा. त्या गड्याचे नाव विम्यात असते, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम त्याला जन्मभर मिळाली असती, आणि तो वापीत राहो की वेल्ह्यात, ती त्याच्या मागोमाग आली असती. ठेकेदाराने वाचवलेली वर्गणी म्हणजे एवढी मोठी वस्तू होती. कामगारांना हे आम्ही दारोदार सांगतो. पडण्याआधी ते कोणी मनावर घेत नाही, आणि पूर्वी आम्हीही घेत नव्हतो. रेशनचेही तसेच. २०१९ पासून सुरू झालेली एक देश एक रेशनकार्डाची व्यवस्था २०२२ च्या जूनपर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. तांदूळ आणि गहू राज्याची हद्द ओलांडून माणसाला गाठू शकतात, मग अपंगाचे अनुदान का नाही, हा प्रश्न यंत्राचा राहिलेला नाही.

एवढे झाले पैशाचे. शुश्रूषेचे काय? कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर अंगाला जखमा पडतात. त्याला उचलून बसवायचे, धुवायचे, पुसायचे. हे सारे त्याची बायको करते. आवणीच्या दिवसांत खोऱ्यातल्या इतर बाया रोजंदारीवर चिखलात उभ्या असतात आणि ही घरात असते. आम्ही युनियनवाले, जिथे श्रम आहे तिथे मजुरी कोण देतो हे आधी पाहायची आम्हाला सवय. एकदा ती म्हणाली, "भाऊ, त्यांचा अर्ज तुम्ही भरलात. माझे रोज बुडते ते कुठल्या कागदावर लिहायचे?" संजय गांधी योजनेत सेवा करणाराच्या नावे वेगळा रुपया नाही.

कायद्यात मात्र तिची जागा आहे. कलम २४ मध्ये, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी शुश्रूषा करणाराच्या भत्त्याचा उल्लेख आहे, आणि कलम ३८ अन्वये असा आधार मागण्याकरिता अर्ज करता येतो. पण २४ व्या कलमाच्या आरंभीच 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द घातले आहेत, आणि प्रत्येक राज्य आपली कुवत आपणच मोजते. केरळने आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणाऱ्यास महिना सहाशे रुपये ठेवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सेवा हे काम आहे एवढे तिने कबूल केले. केंद्र सरकारला तर हे केव्हाच ठाऊक आहे. नोकरीत शंभर टक्के अपंगत्व येऊन सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या आपल्या निवृत्त नोकराला ते सतत सोबतीचा भत्ता देते. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला होता. कायम नोकराची बायको आणि ठेक्यावरच्या गड्याची बायको, दोघी रात्री तितक्याच वेळा उठतात.

श्रीमंत देशांत हे सुटले असेल असा कोणाचा समज असेल, तर तसेही नाही. अमेरिकेत घरपोच शुश्रूषेचा खर्च मेडिकेड योजनेतून होतो, परंतु तिच्या या शाखा प्रत्येक राज्याच्या निराळ्या. राज्य बदलले की पुन्हा अर्ज, आणि पुष्कळ ठिकाणी पुन्हा रांगेचे शेपूट. इंग्लंडने २०१४ च्या कायद्यात एक साधी गोष्ट केली. माणूस एका स्थानिक संस्थेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणार असेल, तर नवीने त्याच्या गरजांची तपासणी वेळेत करावी. ती झाली नाही, तर होईपर्यंत जुनीने दिलेली सेवा नवीने चालू ठेवावी. आम्हाला आपल्याकडे एवढेच हवे आहे. नवे अनुदान सुरू होईपर्यंत मधले महिने रिकामे जाऊ नयेत. हिशेब राज्यांनी मागाहून आपसांत करावा.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. त्या गड्याचे काम कशाने झाले ते सांगतो. पंधरा वर्षांचा पुरावा म्हणजे गेल्या पंधरा वर्षांचाच, असे सगळे धरून बसले होते. आम्ही नियम पुन्हा वाचला. सोळाव्या वर्षापर्यंत तो वेल्ह्यातच होता. जन्माची नोंद, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, आईच्या रेशनकार्डावरचे जुने नाव आणि सातबारावरचा वडिलोपार्जित हिस्सा, एवढे कागद लावून नव्याने अर्ज दिला. तहसीलदारांनी तो मान्य केला.

म्हणून परराज्यातून निघतानाच तिथली मदत कोणत्या महिन्यापर्यंत मिळाली आणि केव्हा बंद झाली याचे पत्र घेऊन निघावे, नाहीतर दोन्हीकडून घेतो असा संशय येतो. अपंगत्वाच्या ओळखपत्रावरचा पत्ता बदलून घ्यावा, रेशनकार्डात नाव चढवावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. डोंगरातल्या पंचायतीचे उत्पन्न ते काय, पण चाकाची खुर्ची किंवा हवेची गादी त्यातून मागता येते, आणि ग्रामसभेत मागितली म्हणजे ती कागदावर येते. भोरचा अर्ज भोरच्या तहसील कचेरीत, वेल्ह्याचा वेल्ह्याच्या. अर्ज दिला त्याच दिवशी तारखेची पोच मागून घ्यावी आणि ती घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी.