पितृत्वाचे भय आणि ‘इरेझरहेड’

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा स्वतंत्र रस मानला आणि त्याचे उदाहरण म्हणून बाल रघूच्या लीलांनी दिलीप राजास झालेल्या आनंदाचा ‘रघुवंशा’तील श्लोक दिला. अपत्यदर्शनाने पित्याच्या ठायी प्रेम उद्भवते, हे यात गृहीत आहे. ते न उद्भवल्यास काय, हा प्रश्न डेव्हिड लिंच (१९४६–२०२५) या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘इरेझरहेड’ या १९७७ सालच्या कृष्णधवल चित्रपटाचा गाभा होय.

नायक हेन्री हा छापखान्यातील कामगार. प्रेयसीच्या घरी जेवावयास गेला असता तिला मूल झाल्याचे त्यास कळते आणि विवाह करणे भाग पडते. अपुऱ्या दिवसांचे ते मूल हातपाय नसलेले, पट्ट्यांत गुंडाळलेले, पशूसारखे दिसणारे आहे. त्याच्या रडण्याने त्रस्त होऊन पत्नी माहेरी निघून जाते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे पित्याचा तान्ह्या मुलाशी संबंध सावकाश जुळतो. येथे माता माहेरी जाते आणि मूल पित्यापाशी उरते. त्याचे बारसे नाही, त्याला नाव नाही, जवळ वडीलधारे कोणी नाही.

वाफेचा फूत्कार व यंत्रांची घरघर यांनी हेन्रीचे विश्व व्यापलेले आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या परिसरातील खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत, गाव सोडून आलेल्या आणि पाळ्या सांभाळीत मूल वाढविणाऱ्या पित्यास ते सर्वस्वी परके वाटू नये. लिंच यांनीही फिलाडेल्फियाच्या कारखानी भागात तरुणपणी पितृत्व अनुभवले. १९६८ साली जन्मलेल्या त्यांच्या कन्येच्या पायांत जन्मतः व्यंग होते. समीक्षकांनी चित्रपटाचा संबंध या अनुभवाशी जोडला आहे.

तथापि या कृतीस केवळ बीभत्स म्हणणे अपुरे ठरेल. मूल आजारी पडताच हेन्री त्याचा ताप पाहतो, शेजारी वाफेचे यंत्र लावतो. कर्तव्य त्यास कळते; प्रेम मात्र येत नाही. स्वप्नात त्याचे मस्तक गळून पडते, त्या जागी मुलाचे मस्तक उगवते आणि गळालेल्या मस्तकापासून पेन्सिलींची खोडरबरे तयार होतात. पिता होणे म्हणजे स्वतः पुसले जाणे, हा शीर्षकाचा एक अर्थ येथे उमगतो. अखेरीस तो कात्रीने पट्ट्या कापतो, तेव्हा त्यांखाली त्वचाच नसल्याचे दिसते.

म्हणून येथील भय राक्षसाचे नव्हे. हाती सोपविलेल्या दुबळ्या जिवाचे आपल्याच हातून काय होईल, याचे ते भय आहे. आणि ज्याने वात्सल्याची वाट पाहिली, त्यालाच ते जाणवते.